अर्धा तास हसायचं नाही

गोंदियाहून लांजीच्या बसमध्ये बसलो तेव्हा पिशवीत डास पळवायची तीन मलमं होती आणि घरूनच लिहून आणलेलं लांजीच्या किल्ल्याचं वर्णन. किल्ला बघून दोन-चार शब्द बदलायचे, एवढंच काम उरलं होतं. वाटेत शेजारच्या बाईच्या शेळीने माझं तिकीट खाल्लं आणि कंडक्टरने मला दुसरं काढायला लावलं.

मित्राची बहीण मंदा लांजीजवळच्या गावात राहते. पोचलो तर तिच्या चार वर्षांच्या चिमीला ताप. आशाताईंनी (गावची आरोग्य कार्यकर्ती) बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. मलेरिया निघाला.

"तीन दिवस गोळ्या. बुखार उतरला तरी सोडाच्या नाही," त्या म्हणाल्या. "अन् अर्ध्या तासात उलटी झाली, तर परत द्या लागते."

मंदाने पेज (तांदळाची पातळ कांजी) पाजून गोळी दिली. "भाऊ, लक्ष ठेवा. मले सांदवाडीतलं (परसातलं) साचलेलं पाणी उपसाचं हाय."

आमच्या गल्लीत मी विनोदी म्हणून ओळखला जातो. मी शेळीची गोष्ट साभिनय सांगितली. चिमी खदखदून हसली आणि पेजेसकट गोळी माझ्या नव्या सदऱ्यावर आली.

"काहून हासवलं तिले?" मंदा धावत आली.

पोरीचं अंग तापलेलं होतं आणि मला खरंच भीती वाटली. आशाताई शेजारच्या टोल्यावर (वस्तीवर) गेल्या होत्या. मंदाच्या नवऱ्याची सायकल दामटत मी त्यांना गाठलं आणि गोळी आणली.

या खेपेला मी गंभीर चेहऱ्याने किल्ल्याचं वर्णन वाचायला घेतलं. तटबंदी संपायच्या आत चिमी झोपली. मंदाने मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचल्या आणि घड्याळ पाहिलं.

"रोज हेच वाचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मंदाच्या सासूबाई म्हणाल्या, "बरी झाली पोरगी. आता काहून कडू देतेस?"

"पुन्हा चढला तर काय करू, मामी?" मंदाने गोळी चुरली आणि मला वही काढायची खूण केली. चिमी बुरुजापर्यंत टिकली.

तिसऱ्या दिवशी ती जागीच राहिली. मी तलाव वाचला, देवड्या वाचल्या. मंदाची नजर काट्यावर होती. अर्धा तास झाला तशी ती पहिल्यांदाच हसली.

"आता सांगा शेळीची गोष्ट."

सांगितली. चिमी पोट धरून हसली, आणि गोळी पोटातच राहिली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी परतीची बस होती, म्हणून किल्ला राहिला. आठवड्याने संध्याकाळी मंदाचा फोन आला. "बुखार नाही, भाऊ. हौ, पण पोरगी झोपतच नाही. ते किल्ल्याचं वाचा न."

मी वाचलं. दुसऱ्या पानावर मंदा हळूच म्हणाली, "झोपली."

इतका गुण आलेलं माझं दुसरं लिखाण नाही. कधीतरी किल्लाही बघेन, पण वर्णनातला एक शब्द बदलणार नाही.