जागा बदलणारे ठिपके

डॉक्टरांनी मला वर बोलावलं तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. उल्हासनगरला कॅम्प पाच या भागातल्या एका तपासणी केंद्रात मी कॉम्प्युटर सांभाळते. एक्स-रे, सोनोग्राफी, बायकांची स्तनांची तपासणी, सगळं तिथे होतं. डॉक्टर सिंधी, साठीचे, मराठी-हिंदीची खिचडी बोलणारे. एरवी अगदी शांत माणूस. त्या दिवशी मात्र खुर्ची मागे ढकलून उभे होते.

"बेटा, ये देख. काल हे ठिपके इथे होते. मी स्वतः कागदावर खूण केलीय. आज बघ कुठे आहेत."

पडद्यावरच्या करड्या चित्रात मीठ सांडावं तसे पांढरे कण दिसत होते. कागदावरच्या खुणेपासून चांगले चार बोटं लांब.

"ठिपके कधी चालतात काय?"

असे बारीक ठिपके म्हणजे कॅन्सरची सुरुवात असू शकते, एवढं तिथे राहून मलाही कळत होतं. आणि ते चित्र ज्या बाईचं होतं ती खाली बाकावरच बसली होती. आदल्या दिवशीच्या रिपोर्टवरून तिला सुईच्या तपासणीसाठी, म्हणजे बायोप्सीसाठी, बोलावलं होतं.

आमच्याकडे युनिक्स प्रणालीवर चालणारी दोन मशीन आहेत. खालच्यावर सगळी चित्रं साठतात. वरचं डॉक्टरांचं. खालचा फोल्डर नेटवर्कवरून वर जोडलेला, त्यामुळे चित्रं आपल्याच मशीनमध्ये आहेत असं डॉक्टरांना वाटतं. फाइलचा एक ठसा, म्हणजे आकडे-अक्षरांची एक ओळ, काढता येतो. आत एक कण जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. मी खाली ठसा काढला, वर काढला. दोन्ही वेगळे. वर पुन्हा काढला, तर मघाचाच चुकीचा ठसा आला. म्हणजे फाइल वर येतानाच बिघडत होती. पण दर वेळी तशीच कशी बिघडेल? मग लक्षात आलं, मशीन एकदा वाचलेली फाइल स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतं आणि तीच परत देतं. मी ती मेमरी रिकामी करून पुन्हा वाचलं. तिसराच ठसा. पुन्हा रिकामी केली. चौथा.

एकच फाइल, आणि दर वेळी वेगळी. दहा वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नव्हतं. पासवर्ड दोनदा चुकला.

वाटेत डेटा बिघडला तर नेटवर्क तो पकडतं आणि परत मागवतं, असंच मी शिकले होते. पण ही तपासणी वरच्या मशीनने आपल्या नेटवर्क कार्डवर सोपवलेली होती. कार्ड तपासून "ठीक आहे" म्हणायचं आणि त्यानंतर पुढे देताना स्वतःच बिघडवायचं. मी ते काम कार्डाकडून काढून घेतलं, मशीनलाच तपासायला लावलं. लगेच पकडलेल्या चुकांचा आकडा भराभर वाढायला लागला, आणि ठसा खालच्याशी जुळला.

कार्ड मीच बसवलं होतं, दिवाळीनंतर, जुनं जळालं म्हणून. तेव्हापासून अधूनमधून एखादं चित्र उघडायचं नाही. डॉक्टर फोन करायचे आणि मी सांगायची, "सर, मशीन बंद करून चालू करा." चित्र उघडायचं. मी पुढे कधी विचारच केला नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दिवाळीपासूनचे सगळे रिपोर्ट पुन्हा बघायचे. खालच्या मशीनवर. आजपासून."

मी जिना उतरले. बाकावर ती बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अंबरनाथला शिवमंदिराजवळ फुलं-बेल विकणारी, पन्नाशीची. माझा चेहरा बघून उठलीच.

"बाय, खरं सांग, काय निघालं?"

मला राहवलं नाही. "मावशी, मशीनची चूक होती. ते ठिपके खरे नाहीत. तुम्हाला काही झालेलं नाही."

तिने माझे दोन्ही हात धरले आणि मटकन बसली. रडत रडतच मुलीला फोन लावला.

पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी मला खालच्या खोलीत हाक मारली. मूळ चित्र उघडलेलं. मिठासारखे कण गेले होते. पण अगदी काखेकडच्या कोपऱ्यात पाच-सहा बारीक ठिपके होते. आधीच्या गर्दीत वेगळे दिसलेच नव्हते. मी घाईघाईने ठसा काढला. पुन्हा काढला. तोच. चित्र बंद करून उघडलं. ठिपके जागचे हलले नाहीत.

"हे खरे आहेत," डॉक्टर म्हणाले. "सुई लावावी लागेल."

"सर, मी त्यांना सांगितलं काही नाही म्हणून."

ते स्वतः बाहेर गेले. मी दारात उभी होते. त्यांचं ऐकून तिने माझ्याकडे मान वळवली.

"तू डॉक्टर आहेस का गं?"

एवढंच विचारलं, तेही हळू आवाजात. त्या संध्याकाळी मी बदलापूरला घरी कशी पोचले, मला आठवत नाही.

पुढचे आठ दिवस डॉक्टर आणि मी खालच्या खोलीत बसून जुनी चित्रं पाहत होतो. आणखी दोघींचे ठिपके कार्डाचे निघाले. डॉक्टरांनी दोघींना बोलावून समोर बसवून चूक कबूल केली. एक हसत-रडत गेली. दुसरी तासभर ओरडली. दोन महिने तिला झोप लागली नव्हती. आम्ही ऐकून घेतलं.

त्या मावशींचा रोग अगदी सुरुवातीला सापडला. ऑपरेशन झालं, आता बऱ्या आहेत, दुकानावर बसतात. दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात. पहिल्या खेपेला माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला आत जाताना पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धर. आणि मी बाहेर येईपर्यंत कुणाला काही सांगू नकोस."