‘चार्जिंग गन काढा’

गाडीला लिंबू-मिरची बांधून आणणाऱ्यांची मी भर वर्कशॉपमध्ये टर उडवतो. आजही उडवतो. गाडी चालू होत नाही म्हणजे कुठेतरी वायर, कनेक्टर नाहीतर सेन्सर गेलाय... दुसरं काही नसतं, असं मी आयुष्यभर सगळ्यांना ठासून सांगत आलोय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण पोटात तरी किती दिवस ठेवणार?

मी मोशीला इलेक्ट्रिक गाड्यांचे फॉल्ट शोधतो. माझी थोरली बहीण निगडी प्राधिकरणात राहते, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दाजी गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. त्यांची इलेक्ट्रिक गाडी ताई चालवायला लागली आणि ही कटकट सुरू झाली. कधी गाडी झटक्यात चालू व्हायची, तर कधी फर्स्ट शिफ्टला निघताना स्क्रीनवर मेसेज — ‘चार्जिंग गन काढा’. आता गन, म्हणजे चार्जिंग केबलचं टोक, लावलेली असताना गाडी चालू होत नाही, ते बरोबरच आहे, नाहीतर लोक केबलसकट निघून जातील. पण इथे गन भिंतीला टांगलेली, सॉकेट मोकळं, वर झाकण बंद!

मला गाडीपेक्षा ताईची धास्ती होती. शुगरच्या गोळ्या चालू, आणि दाजी गेल्यापासून नुसती वाळत चाललेली. एकदा कंपनीत चक्कर येऊन पडलीसुद्धा. आणि ही बाई रोज तळवड्याच्या रस्त्याला कंटेनरांच्या गर्दीतून गाडी हाकते. ‘‘जेवतेस ना नीट?’’ विचारलं की ‘‘हो रे बाबा, जेवते,’’ — विषय बंद.

ताई गाडी घेऊन वर्कशॉपला यायची. आमच्याकडे रीतच आहे, कुणीही आलं की आधी पोहे, चहा, मग गाडीला हात. पोहे खाऊन ताई बटण दाबायची आणि गाडी एकदम ओके. एकदाही फॉल्ट नाही! मी सॉकेट बदललं, वायरिंग बदललं, बारा व्होल्टची बॅटरी बदलली. फॉल्ट समोर येत नाही म्हटलं की माझं डोकंच फिरतं. शेवटी ताईकडेच मुक्काम ठोकला.

सकाळी आम्ही खाली आलो. चांगलं उजाडलं होतं, वॉचमन गाड्या पुसत होता. ताई बसली, ब्रेक दाबला, बटण दाबलं.

टक.

गन आत लॉक होते ना, तो आवाज. दिवसभर ऐकतो मी तो, चुकणं शक्य नाही. धावत जाऊन झाकण उघडलं. सॉकेट मोकळं... आणि लॉकची पिन बाहेर आलेली. मीटर लावला. रीडिंग गन आत असल्याचं! झाकणाची कड हाताला कोमट लागली, कुणीतरी नुकतीच धरून सोडल्यासारखी. अंगावर सरसरून काटा आला, राव.

ताईला सांगायला पुढे गेलो, तर स्टिअरिंगवर तिचे हात थरथरत होते. कपाळावर घाम.

‘‘काय खाल्लंस सकाळपासून?’’

‘‘गोळी घेतलीये.’’

‘‘गोळी घेतलीस आणि वर काहीच नाही? अगं, मरायचंय का तुला?’’ मी ओरडलोच. वॉचमन वळून बघायला लागला.

‘‘घास उतरत नाही रे,’’ ती म्हणाली. ‘‘आणि एकटीसाठी कोण करत बसणार?’’

माझ्यासाठी मात्र तिने डबा भरून दिला होता. तोच उघडून मी तिच्या मांडीवर ठेवला आणि समोर उभा राहिलो. ताईने मुकाट्याने पोळी तोडली. चार घास गेले असतील नसतील... टक. स्क्रीनवरचा मेसेज आपोआप गेला. ताईने बटण दाबलं, गाडी चालू!

ताई घास हातात धरून बघतच राहिली. मग एकदम रडायला लागली.

‘‘हे असंच करायचे रे. मी खाल्ल्याशिवाय गन काढायचेच नाहीत. मी आत बसून हॉर्न वाजवतेय, आणि हे मागे गनवर हात ठेवून उभे. म्हणायचे, आधी खाऊन ये, मग जा.’’

गाडी कोणकोणत्या दिवशी अडली होती ते आम्ही दोघांनी आठवून पाहिलं. प्रत्येक वेळी ती उपाशीपोटी निघाली होती.

म्हटलं, आता या गाडीला मी हात लावणार नाही. ताई रोज खाऊन निघायला लागली. गाल जरा भरले. गाडीची तक्रार नाही. मी निवांत झालो.

मागच्या महिन्यात सकाळी तिचा फोन आला. हुंदक्यांमुळे शब्द कळेनात.

‘‘गाडी चालू झाली रे...’’

‘‘मग चांगलंय की!’’

‘‘मी काल दुपारपासून उपाशी आहे. मुद्दाम राहिले. म्हटलं, अडवतील मला... एकदा तरी तो टक आवाज येईल. नुसता बटणाला हात लावला आणि चालू झाली.’’

म्हटलं, ताई, गाडी बंद कर, वर जा, आधी खा. फोन चालूच ठेव. ती जिना चढली, डबे उघडले, भाकरी मोडल्याचा आवाज आला. खात होती आणि रडत होती. मीही इकडे रडत होतो, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. मी काहीच दुरुस्त केलेलं नाही. ती का अडायची आणि अडायची का थांबली, हे मला आजही सांगता येत नाही... विचारूही नका. आता रोज सकाळी ताई निघायच्या आधी मी फोन करतो, आणि तिचं खाऊन होईपर्यंत ठेवत नाही.