पाण्यातला गुडघा

सानगडीच्या तलावातल्या मासेमारांचे गुडघे इतके का दुखतात, हे मला शोधायचं होतं. त्या संशोधनाची मंजुरी भंडाऱ्याच्या आरोग्य कचेरीत, एका बाबूजींच्या टेबलावर अडली होती. बाबूजी वाचताना चष्मा कपाळावर चढवत आणि बोलताना डोळ्यांवर घेत, जणू कागदापेक्षा समोरचा माणूसच बारीक अक्षरात होता.

"मी नाही म्हनत नाही, सर," ते दर खेपेला म्हणत. "पन हो म्हनायले मले कागद लागते."

आधी त्यांनी विचारलं, "तपासाच्या वेळी गुडघा पान्यात रायते का बाहेर?"

"दोन्हीकडे."

"मानूस आपल्या खात्याचा. पान्यातला गुडघा मासेवाल्या खात्याचा."

मी तिकडचं पत्र आणलं. तेव्हा ते म्हणाले, "मंग पान्याबाहेर, तलावाच्या पाळीवर आल्यावर गुडघा सिंचनवाल्याचा नाही का?" तेही आणलं. बाबूजींनी खुर्ची पुसून दिली, चहा पाजला. सही मात्र अजून 'होऊन राहिली' होती.

परवा ते कचेरीचा जिना चढताना दिसले. कठडा धरून, उजवा पाय ओढत, प्रत्येक पायरीवर थांबत. मी सहज विचारलं, "बाबूजी, गुडघा दुखतो का?"

ते थांबले. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुमची मंजुरी आली काय, सर?"

"नाही."

"मंग कायले विचारून राहिले?"

आणि दात आवळून ते पुढची पायरी चढले. मी जिन्याच्या खिडकीबाहेर पाहू लागलो. त्यांच्याकडे पाहण्याचीही मंजुरी माझ्याजवळ नव्हती.