डावा खांदा बोटभर खाली

शिवणकाम करणाऱ्या काकूंना सारी गल्ली ‘मापकाकू’ म्हणते. माणूस समोर आला की त्या आधी त्याचे खांदे बघतात, चेहरा मागाहून. नवराही त्यांनी असाच पसंत केला, असं त्यांची जाऊच सांगते.

परवा त्या नातीला घेऊन नाक्यावरच्या थांब्यावरून टॅक्सीत बसल्या. चालकाचे डोळे फोनवर. त्यानं लाल दिवा खुशाल तोडला. काकू ओरडल्या, तसा तो म्हणाला, “म्हातारे, भीती वाटते तर चालत जा!” आणि दोघींना भर रस्त्यात उतरवून पसार झाला. गडबडीत गाडीचा नंबर बघायचा राहिला. नात रोज त्याच थांब्यावरच्या टॅक्सीनं शाळेत जायची. काकूंचा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी ऐन पाळी बदलताना काकू थांब्याच्या टॅक्सी कचेरीत हजर.

“मावशी, नंबर नाही, चेहरा आठवत नाही,” कारकून हसला. “वीस जणांतून कुणाला धरू?”

“सगळ्यांना पाठमोरं उभं करा. मागच्या सीटवरून मी पाठच बघितलीय.”

चालक खिदळत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकू टेप घेऊन सातव्यापाशी थांबल्या.

“हाच. डावा खांदा बोटभर खाली.”

“मी काल सुट्टीवर होतो!” तो गुरकावला.

कारकुनानं हजेरीवही उघडली. कालची हजेरी होती, सहीसुद्धा. त्यानं हात पुढे केला आणि चालकाकडून गाडीची किल्ली काढून घेतली.

निघताना काकू चालकाला म्हणाल्या, “शर्ट आणून दे रे, खांदा सारखा करून देईन. जिभेचं काम मात्र माझ्याकडे होत नाही.”