सटवाची हाक

सटवानं माळावरून हाक दिली की घाटनांदूरच्या बाजारातली शेरडंसुद्धा कान टवकारतात, अशी त्याची थट्टा व्हायची. आता कुणी थट्टा करत नाही. मावळतीला तो तळ्याच्या बांधावर उभा राहून ओरडतो, "शिवकन्ये, वर ये गं!" आणि धुणं धुणाऱ्या बायका ओले कपडे तसेच गोळा करून घराकडं निघतात.

शिवकन्या त्याची एकुलती एक लेक. तिला दोन मुलींनंतर पुन्हा दिवस राहिले आणि ती सासरहून पळून आली. "चोरून तपासणार हायत, आबा. पोरगी निघाली तर ठेवणार न्हाईत," एवढंच बोलली. चार दिवसांनी जावयाची जीप दारात आली, तशी ती मागच्या मागं तळ्याकाठच्या पाणकणसात जाऊन दडली.

जावई दारात! त्याला बायकोविना परत धाडायचं तर भावकीत नाक कापलं जाणार. इज्जत म्हणजे तर काय, गरिबाच्या घरात दुसरं काही नसलं तरी ही रांजणभर असते. जावई आपलाच माणूस, समजावू त्याला, असं म्हणत सटवा बांधावर गेला आणि हाक दिली. "शिवकन्ये, वर ये गं! पाव्हणे आलेत!"

हाकेच्या रोखानं जावईच धावत आला. त्याला बघून शिवकन्या पाण्यात मागं मागं सरकत गेली. तिथं मुरमाची जुनी खाण होती, एकदम खोल. गळ टाकले, पट्टीचे पोहणारे उतरले, पण ती काही सापडली नाही.

सटवानं शेरडं विकून थर्माकोलचा तराफा घेतला. बुडालेलं माणूस कधी ना कधी वर येतंच म्हणत दिवसभर पाणी निरखायचा. बायको भिवराबाई रडून सांगायची, "अवं, तिचं दहावं तरी घाला." तो म्हणायचा, "वर आल्याबिगर न्हाई."

परवा अंबाजोगाईच्या कॉलेजातली सायली आली. पाण्यातल्या बारीक जिवांचा अभ्यास करते. भर दुपारी सटवाच्या तराफ्यावरून तिनं बारीक जाळी आधी वरच्या पाण्यात फिरवली, मग खाणीच्या तळापर्यंत सोडली. दोर सटवानं धरला होता.

काठावर येऊन तिनं त्याला भिंगातून दाखवलं. "हे वरचे, बहुतेक नर. आणि या खालच्या माद्या. अंगाला अंड्यांच्या पिशव्या दिसतात का, मामा?"

"दिसत्यात. ह्या वर कावून येत न्हाईत?"

"उजेडात अंडी मासळीच्या नजरेत भरतात, मग मासळी आईसकट गिळते. म्हणून दिवसभर खाली अंधारात राहतात."

"अन् वरून कुणी बोलावलं तर?"

सायली हसली. "त्यांना कोण बोलावणार?"

सटवा हसला नाही. काम झाल्यावर ती बाटलीतलं उरलेलं, माद्यांचं पाणी काठावरच ओतू लागली, तर त्यानं बाटली मागून घेतली. तराफा पुन्हा खाणीवर नेला, बाटलीला दगड बांधला आणि उघड्या तोंडानं दोरावर पार तळाला सोडली.

मावळतीला तो नेहमीसारखा बांधावर चढला. बायकांनी कपडे गोळा केले. त्याचं तोंड उघडलं, छाती भरली, आणि त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. बायका वळून बघत निघून गेल्या. मग तो पाण्यापाशी उकिडवा बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच लेकीशी हळू आवाजात बोलला.

"वर येऊ नगं, माय. पाव्हणे आलेत."