आधीच फेडलेला नवस

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितले, मुलीला रक्ताचा कर्करोग आहे. ती दहावीत होती. दवाखान्याच्या बाकावर बसून बायकोने केळझरच्या गणपतीला नवस केला: पोरगी बरी झाली की तिच्या वजनाचा गूळ वाटीन.

वर्षभराने औषधे लागू पडेनाशी झाली. मुलीला आम्ही ते सांगितले नव्हते. एका दुपारी मी तिच्या उशाशी वाचत बसलो होतो.

"पुस्तक ठेवा बाबा. मी मरून राह्यली का?"

मी हो म्हणालो. तिने पंख्याकडे पाहिले. मग म्हणाली, "आईचा नवस आताच फेडून टाकू."

दारात तांदूळ निवडत बसलेली बायको चिडली. "बरी होयाच्या आधी कोनी नवस फेडते का? देवाले काय वाटन?"

"देवाले घाई नाई आई. मले हाय."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या लेखी आधी फेडणे म्हणजे देवाला सांगणे, की आम्ही आशा सोडली. मला तिचे पटत होते आणि मुलीचेही. संध्याकाळी मुलीनेच तिला हाक मारून जवळ बसवले.

"मेल्यावर काय होते, मले नाई माईत. पन लोकं रडाले येतीन, हे माईत हाय. एक डाव गोड खाले येऊ दे न त्याईले. मी असताना."

सकाळी बायकोने धान्याचा मोठा तराजू पुसायला काढला.

केळझरला मंदिराच्या पायथ्याशी, कडुनिंबाच्या फांदीला तो टांगला. मुलगी एका पारड्यात साखळी धरून बसली. दुसऱ्यात बायको गुळाच्या भेल्या ठेवत गेली. पारडी बरोबरीला आली, तरी तिचा हात थांबेना.

"बस न आई! एवढी जाड नाई मी."

बायको हसली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला.

गूळ मुलीने स्वतः वाटला. नातलगांना ती म्हणत होती, "बरी झाली त पुन्हा तोलतीन. तवा जास्त भेटन." काहींना हसावे की नाही, कळत नव्हते. तिने त्यांच्याही हातावर खडा ठेवला, आणि ते तोंडात टाकेपर्यंत समोरून हलली नाही.

होळीच्या आधी ती गेली.

आता घरात आम्ही दोघे आहोत. ती असतानाच ते बोलून झाले होते, म्हणून तिच्या मरणाबद्दल आम्ही एकमेकांशी बोलू शकतो.