जमिनीवर टेकलेला झेल

२३ डिसेंबर १९८३. सकाळी सातला सौंसरच्या शाळेच्या मैदानावर आम्ही मॅटिंग ठोकत होतो. काथ्याची लांबलचक चटई ताणून धरायची आणि कडेकडेने मोठे खिळे मारायचे. पुरुषांच्या सामन्याला या कामासाठी गडी असत. मुलींच्या सामन्याला मुलीच.

"खिळा ठोकून राहिली का कुंकू लावून राहिली वं?" पांढुर्ण्याच्या संघातली सलामीची फलंदाज मला म्हणाली. तिने माझ्या हातातून हातोडा घेतला आणि तीन घावांत खिळा आत घातला. पाहुण्या संघातली, पण आल्या आल्या कामाला लागली होती.

सौंसर आणि पांढुर्णा मिळून एकच मुलगी छिंदवाड्याच्या जिल्हा शिबिराला जायची होती. निवड आमचे खेळाचे सर करणार होते, अंपायरही तेच. चुरस आम्हा दोघींत होती. यंदा नाव आलं तर खेळ, नाहीतर बॅट ठेवून दे, असं तिच्या वडिलांनी तिला बजावलं होतं. हे तिनेच मला खिळे ठोकताना सांगितलं.

आम्ही आधी खेळलो. माझ्या तीस धावा झाल्या, त्यात दोन झेल सुटले. मग ती आली. पंधरावर होती, पण बॅट अशी चालली होती की माझे तीस ती अर्ध्या तासात मागे टाकणार हे मैदानाबाहेरच्या बायकांनाही दिसत होतं. तेवढ्यात तिचा एक फटका खालून माझ्याकडे आला. मी पुढे झेपावले. चेंडू आधी जमिनीवर पडला, मग माझ्या बोटांत आला. मला ते नक्की कळलं. तरी हात वर गेला.

सरांच्या आड गोलंदाज आली होती, त्यांना काही दिसलं नाही. अशा वेळी झेल घेणारीला विचारायचं आणि ती म्हणेल ते मानायचं, अशी आमच्याकडची पद्धत. सरांच्या आधी क्रीजवरून तिनेच विचारलं.

"घेतला का वं खरंच?"

"घेतला."

"तू म्हणतं त चालली मी."

सरांना बोट वर करावंच लागलं नाही.

संध्याकाळी माझं नाव वाचलं गेलं. तिने येऊन माझ्या पाठीत धपका घातला. "थंडी लय रायते तिकडं, स्वेटर ने." मग ती पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढली.

मी पुढे चार हंगाम खेळले, राज्याच्या संघापर्यंत गेले. ती पुन्हा कुठल्या मैदानावर दिसली नाही. कोणी विचारलं की मी राज्याच्या संघाचं सांगते. वय लहान होतं असं म्हणून सुटता येत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला माती आणि हात यांतला फरक कळतो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेले होते, सांगून टाकायचं ठरवूनच. सर अंगणात दाढी करत होते.

"सर, कालचा तो झेल..."

"बढिया घेतला! त्याच्यानंच त नाव आलं तुझं."

 मी छिंदवाड्याची बस किती वाजता सुटते ते विचारलं आणि घरी येऊन बॅग भरली.